वीस गॅलनचा संसार

2020 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या साथीत, अमेरिकेत मोटेलात उतरायला कुणी धजत नव्हतं आणि तयार कॅम्परच्या किमती ऐकून छाती दडपत होती. डेन्व्हरच्या आसपास तेव्हा अनेकांनी धरलेली वाट आम्हीही धरली. सामान वाहायचा सहा बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर घेतला. खिडकी नाही, दिवा नाही, पाणी तर नाहीच. खिडक्या, पलंग आणि सौर पॅनलची हकिकत बाजूला ठेवतो, कारण एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पाण्यानं.

पहिला हिशेब वजनाचा. या मापाच्या, एकाच ॲक्सलच्या ट्रेलरवर बहुधा 2990 पौंडांची मर्यादा लिहिलेली असते. आकडा विचित्र वाटतो, पण कारण सरळ आहे. कोलोराडोसह अनेक राज्यांत 3000 पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. या मर्यादेतला निम्मा वाटा तर रिकामा सांगाडाच खातो. एक गॅलन, म्हणजे जेमतेम पावणेचार लिटर, पाणी भरतं 8.34 पौंड. वीस गॅलनची टाकी भरली की 76 किलोंचा एक प्रवासी वाढला म्हणायचा, आणि तोही वळणावर स्वस्थ न बसणारा.

म्हणून सुरुवातीला टाकी नव्हतीच. ओट्याच्या कडेला फळीवर सात गॅलनचा निळा कॅन, त्याला तोटी, खाली टब. भरलेला कॅन साडेसव्वीस किलोंचा, त्यामुळे तो फळीवर चढवताना कमरेची परीक्षा व्हायची. पण ‘उद्या पाणी येणार नाही’ म्हटल्यावर घरातली सगळी भांडी भरून ठेवणाऱ्या पुण्यात वाढल्यावर यात नवलाईचं काही वाटलं नाही. पुढे कॅन सिंकखाली गेला आणि बोटींवर असतो तसा पायानं दाबायचा पंप आला. दोन्ही हात मोकळे, विजेची गरज नाही, पाय उचलला की पाणी बंद. इतक्या कमी पाण्यात आमचं पुन्हा कधी भागलं नाही.

मग नाशिकहून सासूबाई आल्या. त्यांचे गुडघे पायपंपाला राजी नव्हते. विजेचा पंप आणि वीस गॅलनची टाकी आली ती त्यांच्यासाठी.

टाकी कुठे बसवायची, यात खरी मेख आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकवर यावा लागतो; तो कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवू लागतो. टाकी मागच्या भिंतीला लावली तर ती भरल्यावर हुकवरचा भार घटतो. आम्ही ती ॲक्सलच्या किंचित पुढे, पलंगाखाली, पट्ट्यांनी आवळून ठेवली. भरायच्या नळीइतकीच हवा जायची बारीक नळीही महत्त्वाची. ती नसेल तर भरताना पाणी गुळगुळ करत उलटं तोंडावर येतं.

पंप बारा व्होल्टचा, मिनिटाला तीन गॅलनपर्यंत देणारा, 55 पीएसआय दाब झाला की आपोआप थांबणारा. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. या साधेपणाचा एक फायदा पुस्तिकेत ठळक छापत नाहीत: गळती तो स्वतःच सांगतो. रात्री सगळे नळ बंद असताना पंप क्षणभर टुर्र करून गप्प झाला, दहा मिनिटांनी पुन्हा टुर्र झालं, की टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा कागदी रुमाल फिरवायचा. आमच्याकडे ओला निघाला तो सिंकच्या नळाचा जोड. आटा अर्धा फेरा आवळला आणि झोप लागली.

नळ्या पेक्सच्या, म्हणजे लवचीक प्लास्टिकच्या, घातल्या. जुना कॅम्पर घेऊन दुरुस्त करणाऱ्यांनी मात्र करड्या पॉलिब्युटिलीनच्या नळ्या दिसल्या तर सरळ उपटून काढाव्यात. 1978 ते 1995 या काळात त्या अमेरिकेत भरपूर वापरल्या गेल्या. पाण्यातल्या क्लोरीननं त्या आणि त्यांचे जोड ठिसूळ होतात.

कोलोराडोत दहा हजार फुटांवर सप्टेंबरातच रात्री पाणी गोठतं. पेक्स थोडं फुगून निभावतं. फुटतात ते जोड आणि पंप. म्हणून मोसम संपला की टाकी रिकामी करायची आणि पंपातून नळापर्यंत गुलाबी अँटिफ्रीझ खेचून घ्यायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं, विषारी. ते चुकूनही नको. वसंतात दर 15 गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच घालून काही तास ठेवायचं, मग वास जाईपर्यंत धुवायचं. भरायची होज पिण्याच्या पाण्यासाठीचीच हवी, बागेची नाही.

शॉवर मात्र आम्ही लावला नाही. घरच्या शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनांची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे चार मिनिटांत अर्धी टाकी खलास. बादली आणि तांब्या घेतला तर दोन गॅलनांत स्वच्छ अंघोळ होते. शिवाय आत आलेला प्रत्येक गॅलन सांडपाणी होऊन दुसऱ्या टाकीत साठतो आणि डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी ओतायच्या जागेपर्यंत, आपल्यालाच ओढावा लागतो.

ट्रेलर सजवायला निघालेल्या ओळखीच्यांना आता इतकंच सांगतो: एक मोसम कॅन आणि पायपंपावर काढा, रोज किती पाणी लागतं ते लिहून ठेवा, सांडपाण्याची टाकी आधी घ्या. मगच चांगल्या पाण्याच्या टाकीचं माप ठरवा.