पोस्ट कोणाची, फॉरवर्ड कोणाचा

फेसबुकवरच्या मजकुराला लिहिणाऱ्याचे नाव असते. व्हॉट्सॲपवर हातोहात फिरणाऱ्या मजकुराला बहुधा ते नसते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकावरून पुढचे बरेच काही ठरते: कोणाची अब्रू जाते, कोणाचे राजकारण चालते, पोलीस कोणाच्या दारात उभे राहतात. हा फरक पाहायला पालघर जिल्ह्याइतकी उघड उदाहरणे महाराष्ट्रात क्वचितच कुठे सापडतील. जिल्हा देशाच्या बातम्यांत दोनदा ठळकपणे आला आणि दोन्ही वेळा मुळाशी मोबाइलवरचा मजकूर होता. पहिल्या वेळी लिहिणाऱ्याचे नाव मजकुरावरच होते. दुसऱ्या वेळी मजकूर निनावी होता.

जिल्ह्याची ठेवणच माध्यमांच्या वेगाला पोषक आहे. पश्चिमेला किनारा आणि मुंबईला जोडणारी रेल्वे, तिला लागून बोईसर–तारापूरचा औद्योगिक पट्टा, पूर्वेला डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याचे आदिवासी पाडे. १९६९मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, नंतर एमआयडीसी वाढली आणि सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली ही शेतीवाडीची गावे कारखान्यांच्या कुंपणाला येऊन भिडली. सालवडसारख्या गावात आज मूळ गावकऱ्यांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार राहतात. त्यामुळे एकाच वस्तीत गावकीचा ग्रुप असतो, कंपनीतल्या शिफ्टचा असतो, पक्षाचा असतो आणि हजार मैलांवरच्या मुलखाचाही असतो. एका ग्रुपमधले दुसऱ्यात पडायला बोट हलवण्याइतकाच अवकाश लागतो.

याचा उपयोग होत नाही असे नाही. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला होता. अशा वेळी ‘कुठल्या प्लॉटवर?’ हा पहिला प्रश्न सगळीकडे एकदम उठतो, आणि सरकारी निवेदन येईपर्यंत त्याचे उत्तर माणसे एकमेकांकडूनच मिळवतात. ते उत्तर खरेही असते आणि खोटेही. सांगणारा ओळखीचा असतो, एवढीच त्याची हमी.

नाव असलेल्या मजकुराची गोष्ट नोव्हेंबर २०१२ची. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. १७ नोव्हेंबरला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. १८ तारखेला शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबईसह आसपासचा सगळा भाग बंद राहिला. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर नापसंती लिहिली. माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी सगळे बंद कशाला, असा साधारण आशय. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. तासाभरात बोभाटा झाला. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याने तक्रार दिली, मुलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. तिने पोस्ट काढली, माफीही मागितली. तरी दोघींना अटक झाली. लिहिणारी आणि अंगठा दाखवणारी एकाच गुन्ह्यात!

लावलेली कलमेही पाहण्यासारखी आहेत. आधी भारतीय दंड संहितेचे २९५ए, म्हणजे धार्मिक भावना दुखावणे. बंदवरच्या मतात धर्म कुठून आला, हे कोणालाच सांगता येईना, म्हणून त्याऐवजी समाजात तेढ वाढवण्याचे ५०५(२) आले. त्यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ए होतेच. दोघी प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर सुटल्या. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना कडक शब्दांत पत्र लिहिले, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि गुन्हा पुढे मागे घेण्यात आला. निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने २८ नोव्हेंबरला पालघर बंद पुकारला. बंद कशाला, असे विचारणाऱ्या एका वाक्यापोटी गावाला आणखी एक बंद पाहावा लागला.

६६ए हे कलम २००८च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि २००९मध्ये लागू झाले. संगणकावरून किंवा फोनवरून पाठवलेला मजकूर अत्यंत आक्षेपार्ह असेल, किंवा खोटा मजकूर कोणाला त्रास, गैरसोय, अपमान व्हावा म्हणून पाठवला असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद. यातला एकही शब्द कायद्यात मोजून दिलेला नव्हता. त्रास कोणाला झाला म्हणजे झाला, हे तक्रारदार ठरवणार आणि त्याच्यामागे किती माणसे उभी आहेत, हे पाहून पोलीस ठरवणार. २०१२मध्येच जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्रा व्यंगचित्र ईमेलने पाठवल्याबद्दल पकडले गेले होते आणि मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली होती. पालघरच्या घटनेने मात्र कलमाचा पोकळपणा सामान्य माणसाला समजला, कारण इथे ना प्राध्यापक होता ना कलावंत. घरात बसून मत लिहिणारी मुलगी होती.

पालघरच्या अटका वाचून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जस्ती चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ६६ए घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकालाने बोलण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. एखाद्या विषयाची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि कृत्याला चिथावणी. पहिल्या दोन कितीही बोचऱ्या असल्या तरी घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात बसतात, राज्याने हात घालायचा तो तिसरीला. निकाल स्पष्ट होता, पण ठाण्यातल्या टेबलापर्यंत तो पोहोचायला वेळ लागला. मेलेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदवले जातच राहिले आणि ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही.

६६ए गेले म्हणून बदनामीवर इलाज उरला नाही असे समजण्याचे कारण नाही. अब्रुनुकसानी हा दिवाणी दावाही आहे आणि फौजदारी गुन्हाही. दंड संहितेतली ४९९ आणि ५०० ही कलमे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली आणि १ जुलै २०२४पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आली आहेत. अडचण वेगाची आहे. पूर्वी चारचौघांत झालेली नाचक्की गावापुरती राही, चार वर्षांनी लोक विसरत. आता मूळ पोस्ट काढली तरी तिचे स्क्रीनशॉट उरतात, आणि नावाने शोध घेतला की सुटकेच्या आधी अटकेची बातमी वर येते. जिथे लग्नाच्या बोलणीआधी किंवा नोकरीच्या मुलाखतीआधी नाव ‘गुगल’ करून पाहतात, तिथे न्यायालयाने दिलेली निर्दोषता शोधयंत्राच्या दुसऱ्या पानावर असते.

राजकारणाने हा वेग फार लवकर ओळखला. मे २०१८मध्ये खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे पालघर लोकसभेची पोटनिवडणूक लागली. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिवसेना इथे समोरासमोर होते. वनगांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे होते, भाजपकडून राजेंद्र गावित. मतदानाला तीन दिवस उरले असताना उद्धव ठाकरे यांनी प्रचारसभेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवली. तीत साम, दाम, दंड, भेद वापरून जिंकण्याची भाषा होती. आवाज आपलाच, पण संभाषण अर्धवट कापून लावले आहे, असे फडणवीसांचे म्हणणे. शब्द खरे आणि त्यांचा संदर्भ वादात, अशी ही स्थिती ‘खोटी बातमी’ या सोप्या नावात बसत नाही. क्लिप ऐकलेल्या मतदाराला ती पूर्ण की अर्धी, हे ठरवायला तीन दिवसांत काही साधन नव्हते. गावित सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले. क्लिपने कोणाची किती मते हलली हे आकड्यांतून निघत नाही आणि काढू पाहणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

नाव नसलेल्या मजकुराचा प्रकार याहून भयंकर. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा निरोप २०१८मध्ये देशाच्या अनेक भागांत भाषा बदलत फिरला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ला, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेवर गावोगाव फिरणारी ही माणसे शेकडो वर्षे अनोळखी म्हणूनच गावांत येत आली आहेत. त्या अनोळखीपणाचा अर्थ एका फॉरवर्डने बदलला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ७ एप्रिल २०२०ला, कोविडच्या काळात, वारंवार पुढे पाठवलेल्या संदेशांसाठी ती एकाच ठिकाणापर्यंत खाली आणली.

त्यानंतर नवव्या दिवशी, १६ एप्रिलच्या रात्री, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांची हत्या झाली. टाळेबंदीत मुंबईच्या कांदिवलीहून सुरतला एका अंत्यविधीसाठी ते आडवाटेने निघाले होते. चोर येतात, मुले पळवतात, शरीरातले अवयव काढून नेतात, अशा अफवांनी कासा परिसरातले पाडे आधीच रात्रीची गस्त घालत होते. पोलीस पोहोचले होते, त्यांच्यादेखत माणसे मेली. तांत्रिक मर्यादेचे बळ इथे उघडे पडते. फॉरवर्ड एकेकाला करायचा असला तरी पाड्यावर एका फोनभोवती दहाजण असतात, आणि पुढचा प्रवास तोंडी होतो. तोंडी अफवेला कुठलेही ॲप अडवू शकत नाही. शिवाय टाळेबंदीने बाजार, शाळा, एसटी सगळे थांबलेले. अफवा खोटी ठरवू शकणारा बाहेरचा माणूस गावात यायची वाटच बंद होती.

अफवेने हत्या घडवली आणि हत्येच्या चित्रफितीने दुसरी अफवा. तीन दिवसांनी दृश्ये देशभर पसरली तेव्हा जमावातल्या आवाजांत कोणी ‘शोएब’ ऐकले आणि प्रकरणाला धार्मिक रंग चढला. तो आवाज ‘ओये बस’ असा होता, असे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले आणि २२ एप्रिलला अटक झालेल्या १०१ जणांची यादी ट्विटरवर टाकून त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे जाहीर केले. आग विझवायला हे गरजेचे वाटले असेल. पण खटला उभा राहण्याआधी १०१ नावे कायमची आंतरजालावर गेली, त्यांतला कोण मारणारा आणि कोण नुसता बघणारा हे ठरायचे बाकी असताना.

निनावी मजकुराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न यातूनच पुढे आला. ग्रुपच्या ॲडमिनला धरावे, असा पोलिसांचा कल असतो, कारण ॲडमिनचे नाव सापडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात २०२१ साली सांगितले की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. सभासद काय टाकणार हे त्याला आधी कळतही नाही आणि अडवताही येत नाही. त्याच वर्षी केंद्राच्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, मागणी झाल्यास, मजकुराचा पहिला पाठवणारा शोधून देण्याचे बंधन घातले. त्याला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांनाच वाचता यावा अशी कुलूपबंद रचना मोडल्याशिवाय पहिला पाठवणारा सापडणार नाही, आणि ती मोडली तर एकाचा शोध घेताना सगळ्यांचा खासगीपणा जाईल, असा कंपनीचा दावा. गडचिंचल्याच्या बाजूने पाहिले तर सरकारचे म्हणणे रास्त वाटते आणि २०१२च्या पालघरच्या बाजूने पाहिले तर कंपनीचे. ज्या पोलिसांनी ‘लाइक’वर अटक केली, त्यांच्या हाती प्रत्येक संदेशाचा उगम द्यायचा का, हा प्रश्न काल्पनिक नाही.

कोणता मजकूर खरा, हे सरकारने ठरवावे, असाही एक प्रयत्न झाला. केंद्राच्या कारभाराविषयीची माहिती खोटी ठरवणारा तथ्य-तपासणी कक्ष स्थापण्याची तरतूद २०२३मध्ये आली. विडंबनकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४मध्ये तरतुदीविरुद्ध मत दिले आणि ती रद्द झाली.

खासगीपणाचा पाया त्याआधी घातला गेला होता. न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात विसरले जाण्याच्या हक्काचाही विचार केला आहे. २०२१च्या नियमांनुसार प्रत्येक मोठ्या माध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि कोणाची नग्न वा तशी बनावट छायाचित्रे टाकली गेली तर पीडिताच्या तक्रारीनंतर २४ तासांत ती काढण्याची तरतूद त्यात आली. पालघर पट्ट्यातल्या वस्त्यांत मुलींना धमकावण्यासाठी छायाचित्रांचा धाक घातला जातो तेव्हा पोलीस ठाण्याआधी हीच वाट जवळची असते, पण ती माहीत असणारे थोडे.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. तो हक्क चालतो माहिती गोळा करणाऱ्या संस्था-कंपन्यांवर. शेजाऱ्याने घरगुती वापरासाठी जपलेला स्क्रीनशॉट त्याच्या कक्षेत येत नाही. आणि जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली असेल, उदाहरणार्थ समाजमाध्यमावर सर्वांसाठी खुले ठेवून लिहिलेले मत, तीही या कायद्यातून वगळलेली आहे. पालघरच्या त्या तरुणीने तीच पोस्ट आज तशीच लिहिली तर ६६ए तिला पकडू शकणार नाही. मात्र पोस्ट काढून टाकल्यावर इतरांच्या हातात उरलेल्या प्रती पुसून घेण्यासाठी नवा कायदाही तिच्या कामाला येणार नाही.