एका दिवसाचीं बेटें

मुंबईंत जन्म काढलेल्या माणसालाही आपण बेटावर राहतों ही गोष्ट वर्षानुवर्षें आठवत नाहीं. सात बेटांमधल्या खाड्या बुजल्या, त्यांवरून रस्ते व आगगाड्या धांवूं लागल्या, आणि समुद्र म्हणजे संध्याकाळीं हवा खाण्याचा कठडा तेवढा उरला. पण सुटींत पाहुणे येतात, "आम्हांला बेट दाखवा" असा हट्ट धरतात, आणि मग घरधन्याची तारांबळ उडते. त्या तारांबळीला थोडा आळा बसावा एवढ्याच हेतूनें आज आपल्याशीं बोलणार आहें.

बेटाची सहल फसते ती बहुधा एकाच कारणानें. आपण ती भिंतीवरच्या घड्याळावर आंखतों. समुद्राचें घड्याळ निराळें आहे, आणि तें आपल्यासाठीं थांबत नाहीं.

प्रथम घारापुरी घेऊं, कारण ती सर्वांत जवळ. पूर्वीचें पालवा बंदर, म्हणजे आजच्या गेटवे ऑफ इंडियाजवळचा धक्का, येथून सकाळीं नऊच्या सुमारास लाँची सुटूं लागतात. अंतर सुमारें दहा किलोमीटर व वेळ सुमारें एक तास. सोमवारीं लेणीं बंद असतात. हें वाक्य मी मुद्दाम सुटें ठेवलें आहे, कारण रविवारची गर्दी चुकवावी असा शहाणा विचार करून सोमवारीं धक्क्यावर येणारीं व रिकाम्या हातानें परत जाणारीं कुटुंबें मीं स्वतः पाहिलीं आहेत. बेटावर पाहुण्यांना रात्रीं राहतां येत नाहीं. म्हणून परतीच्या लाँचीची वेळ उतरतांनाच विचारून घ्यावी.

शक्य तर पहिली लाँच धरावी. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत बरीच चाल आहे, पुढें सुमारें एकशेंवीस पायऱ्या आहेत, आणि उन्हें चढलीं कीं वृद्धांना त्या जड जातात. खाण्याचे जिन्नस हातांत उघडे नेऊं नयेत. तेथील माकडें आपल्याहून चपळ आहेत.

मुख्य लेणें सहाव्या शतकाच्या मध्याचें मानलें जातें. त्यांत शिरतांच लगबगीनें मूर्तीपुढें जाऊं नये. उजेड तीन बाजूंनीं आंत येतो. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांना तो मंद वाटतो. पांच मिनिटें खांबाशीं उभें राहावें. मग समोर, दक्षिणेच्या भिंतींत, सदाशिवाचीं तीन मुखें हळूहळू अंधारांतून पुढें येतात. मूर्तीची उंची साडेपांच मीटरांच्या आसपास आहे. पण ती मोठी वाटते ती उंचीमुळें नव्हे. मधल्या मुखाचे मिटले डोळे आपली दखलच घेत नाहींत, त्यामुळें. आपल्या डाव्या हाताचें मुख उग्र अघोराचें, उजव्या हाताचें सौम्य, स्त्रीरूपाकडे झुकणारें. याच मूर्तीच्या डावीकडे अर्धनारीश्वर व उजवीकडे गंगाधर आहे. घाईचा प्रवासी हें पाहून परततो आणि शिवपार्वतीचा विवाह पाहावयाचें विसरतो; माझ्या मतें साऱ्या लेण्यांत त्याहून कोमल शिल्प नाहीं. पुष्कळ मूर्तींचे पाय व हात तुटलेले आहेत. पोर्तुगीजांच्या काळापासून या लेण्याची बरीच हेळसांड झाली. १९८७ मध्यें तें जागतिक वारशाच्या यादींत आलें.

बेटाला एलिफंटा हें नांव ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं दिलें, तो हत्ती मात्र बेटावर शोधूं नये. १८६४ मध्यें तो इंग्लंडास नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां तो पडून फुटला. पुढें तुकडे जोडून तो उभा करण्यांत आला, व आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारांत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, उभा आहे. मुलांना बेटाआधीं तो दाखवून ठेवला तर नांवाची गोष्ट त्यांना आपोआप कळते. आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. मुंबईचे दिवे रोज डोळ्यांसमोर पाहणाऱ्या या बेटावरील तीन गांवांत कायमची वीज आली ती २०१८ मध्यें, समुद्राच्या तळांतून तार टाकून.

आतां अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे वळूं. येथें समुद्राच्या घड्याळाशीं खरी गांठ आहे. भरतीला हा किल्ला बेट असतो आणि ओहोटीला किनाऱ्यावरून त्याच्या दारापर्यंत चालत जातां येतें. ती वेळ कशी काढावयाची? कोंकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला; त्यापुढें सहा तासांहून थोड्या अधिक वेळानें ओहोटी. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम. तो ढोबळ आहे; अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ छापील कोष्टकांतून पाहावी. पण पंचांग पाहून दिवस निवडण्यास तो पुरेसा आहे.

यावरून कोणीही म्हणेल कीं अष्टमी उत्तम. ओहोटी ऐन दुपारीं बारा वाजतां. मीही तसेंच म्हटलें होतें. एका अष्टमीला चार पाहुण्यांना घेऊन मी अलिबागच्या वाळूवर उभा राहिलों, बारा वाजले, आणि किल्ल्याच्या वाटेवर पाणी तसेंच चमकत राहिलें. शेजारीं जाळें सुकवीत बसलेल्या कोळीणबाई म्हणाल्या, "दादा, आज भांग हाय. पानी हटनार नाय." उधाण व भांग हा भेद मी विसरलों होतों. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्रसूर्याचें ओढणें एका रेषेंत येतें. भरती मोठी चढते आणि ओहोटीही खोल उतरते. तें उधाण. मोठ्या उधाणांत मुंबईजवळ पाणी चार मीटरांहून अधिक चढउतार करतें. अष्टमीच्या सुमारास तीं ओढणीं काटकोनांत असतात. पाणी धड चढत नाहीं, धड उतरत नाहीं. तो भांग. आम्ही त्या दिवशीं घोड्याच्या गाडींतून, पाय वर घेऊन गेलों.

मग दिवस कोणता? उधाणाच्या ऐन दिवशीं ओहोटी पहांटे व सायंकाळीं येते, म्हणजे मुंबईकराच्या सोयीची नव्हे. म्हणून मधला मार्ग असा कीं चतुर्थी-पंचमी धरावी. ओहोटी नऊ ते दहाच्या दरम्यान येते व पाण्यांत उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो. पहांटे घर सोडून पहिल्या लाँचीनें मांडवा व तेथून मोटारीनें अलिबाग गाठलें तर हें साधतें. उशिरां उठणाऱ्यांनीं द्वादशी धरावी. ओहोटी तीनच्या सुमारास येते, पण परतीची धांवपळ होते. कोणत्याही दिवशीं, पाणी पुन्हां चढूं लागल्यावर तासाभराच्या आंत किनाऱ्याला लागावें. पाणी पुढून येतें असें वाटतें. तें मागूनही येतें.

किल्ल्यांत पाहावयाचें बेतशीर आहे, पण बोलकें आहे. शिवाजीमहाराजांनीं १६८० च्या सुमारास त्याचें काम सुरू केलें; पुढें कान्होजी आंग्रे यांचें हें ठाणें झालें आणि १७२९ मध्यें त्यांचा अंत येथेंच झाला. गणपतीचें मंदिर रघुजी आंग्रे यांनीं १७५९ मध्यें बांधलें. चारही बाजूंना खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचें नांव व १८४९ हें साल आहे. म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत, हें पाहुण्यांना आधींच सांगावें.

खांदेरी जवळ असूनही अवघड. १६७९ मध्यें महाराजांनीं हें बेट बांधावयास घेतलें, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांना ती आपल्या दारांत घातलेली पाचर वाटली. त्यांनीं मोठीं जहाजें आणून वेढा घातला, पण मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या रात्रीं रसद पोंचवीतच राहिल्या. २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकीं एक म्हणून खांदेरीही जागतिक वारशांत आली. तेथें १८६७ चें दीपगृह व वेताळाचें देऊळ आहे. थळच्या किनाऱ्यावरून मचवा ठरवून जावें लागतें. परवानगीची चौकशी आदल्या दिवशीं करावी. हिंवाळ्या-उन्हाळ्यांत सकाळ शांत असते व दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, म्हणून दुपारपूर्वीं परतणें बरें. तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याच्याशीं पैशाची घासाघीस करूं नये.

जंजिरा एका दिवसांत करूं नये. मुरूडची वाट लांबची आहे. रात्र काढून जावें.

पावसाळ्यांत मांडव्याच्या साध्या लाँची बंद असतात. वाहनें नेणारी मोठी नाव भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुरू आहे, तिला पावसाचा अडथळा कमी. आणि एक गोष्ट जड मनानें सांगतों. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीला निघालेल्या प्रवासी नावेवर नौदलाची वेगवान बोट आदळली व दहाहून अधिक माणसें बुडून वा जखमी होऊन गेलीं. तेव्हां नावेंत पाय ठेवतांच लाइफ-जाकिटें कोठें आहेत तें विचारावें, मुलांच्या अंगांत तीं आधीं घालावीं, आणि नाव खच्चून भरली असेल तर खालीं उतरून पुढची धरावी. परततांनाही असेंच: शेवटच्या लाँचीला सारें बेट धांवतें, म्हणून तिच्या आधींची पकडावी.