काळ्या मातीत काथ्या कशाला?

नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे दुकानातले कोकोपीट, स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतो. टँकरची सवय झालेल्या धाराशिव जिल्ह्यात एवढ्या एका गुणावर त्याच्या विटा खपल्या तर नवल नाही. मात्र तेरणाकाठच्या काळ्या मातीचे दुखणे पाणी न धरण्याचे नाहीच. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकण खनिज असते. ते पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. धरलेल्या पाण्यापैकी बरेचसे ही माती मुळांना देत नाही. ओली असताना हवाही कोंडते. परसबागेत तिला हवी असते रवाळ घडण, म्हणजे वाफसा लवकर येतो. ही घडण जिवाणू आणि बुरशी करतात, कुजणारे पदार्थ खाताना सोडलेल्या चिकट द्रवाने. काथ्यात लिग्निन भरपूर, नत्र तुटपुंजे. त्यावर त्यांचे पोट भरत नाही.

‘कुजत नाही म्हणूनच तो वर्षानुवर्षे माती सैल ठेवतो,’ असे यावर म्हटले जाते. तर्क बरोबर आहे, हिशेब जमत नाही. एक चौरस मीटर वाफ्यात २० सेंटिमीटर खोलीपर्यंत २०० लिटर माती असते. तिच्यात चौथा हिस्सा काथ्या हवा तर ५० लिटर भुसा लागतो. पाच किलोची वीट भिजून ७० लिटरच्या आसपास होते. म्हणजे एका विटेत दीड चौरस मीटरही भागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॉयर बोर्डाच्या ‘पिथप्लस’ या अळिंबीवर्गीय बुरशीच्या विरजणाने भुसा कुजवला, की कर्ब-नत्र गुणोत्तर ११२ वरून २४ पर्यंत उतरते. पण मग ते खतच झाले, आणि खत इथल्या पाचटाचे, तुरीच्या गळलेल्या पाल्याचेही होते. सोयाबीनचे भुसकट जनावरांना लागते, तुराट्या चुलीला, हे मान्य. तरी परराज्यातून भुसा आणण्याइतका पाल्याचा दुष्काळ इथे नाही.

काथ्याची खरी जागा कुंडीत, रोपांच्या ट्रेमध्ये आणि बालाघाटाच्या उतारावरच्या मुरमाड वाफ्यात, जिथे पाणी थांबतच नाही. वाळला तरी तो पुन्हा सहज भिजतो. फक्त काही भुशात सोडियमचे क्षार असतात आणि सोडियमनेच काळी जमीन चोपण होते, म्हणून आधी तो दोन-तीनदा धुवावा. त्यासाठी बोअरचे जड पाणीही चालते. त्यातले कॅल्शियम सोडियमला बाहेर ढकलते.