मयूख, बहीण आणि नकलकाराची डुलकी

नंदुरबारहून गाडीत बसायचं, सुरतेला उतरायचं, डिंडोलीत भाड्याची खोली बघायची. खानदेशी घरांच्या या वाटेवर एकेकाळी कायद्याचीही हद्द होती. 1956च्या हिंदू वारसा कायद्याआधी गुजरातेत नीळकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रग्रंथ ‘मिताक्षरा’ या जुन्या ग्रंथाला भारी पडे, खानदेशात दोघांना सारखा मान. त्यातही घर हललं तरी मूळ मुलखाचा कायदा त्याच्यासोबत आला, असं न्यायालयं धरून चालत. नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा.

नीळकंठ सतराव्या शतकातला, काशीचा. घराणं मूळ पैठणचं. मिताक्षरेत बहिणीचा वारस म्हणून स्पष्ट उल्लेख नाही, मयूखाने तिला आजीच्या पाठोपाठ बसवलं. म्हणजे पोथीतल्या शब्दावर कुणाचं तरी शेत अवलंबून. बोराडेल यांचा इंग्रजी अनुवाद 1827 साली छापला गेला तो सुरतेतच. पुढे विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 मध्ये, पां. वा. काण्यांनी 1926 मध्ये या ग्रंथाच्या आवृत्त्या काढल्या.

अशी आवृत्ती काढायची तर पोथ्या ताडून पाहाव्या लागतात. हे काम आता ‘कोलेटेक्स’सारखी संगणकप्रणाली करते. प्रत्येक पोथी आधी टंकायची. यंत्र शब्द सुटे करून समोरासमोर लावतं आणि फरक दाखवतं. खरी गंमत चुकांची आहे. दोन ओळी एकाच शब्दावर संपल्या की नकलकाराची नजर घसरते आणि मधली ओळ गळते. अशा अनेक चुका दोन पोथ्यांत सारख्या असतील, तर त्यांचं मूळ बहुधा एकच. बरोबर शब्द जुळल्याने नातं ठरत नाही. ते चुकांवरून लागतं. पोथ्यांची वंशावळ मांडायची तर हेच धागे हाती लागतात.

संस्कृत पोथ्यांपुढे मात्र यंत्र भांबावतं. संधी कुठे सोडवायचा? ‘ष’ आहे की ‘प’? एकाने ‘धर्म’ लिहिलं, दुसऱ्याने ‘धर्म्म’. यंत्राच्या लेखी हा मोठा मतभेद, शास्त्र्याच्या लेखी काहीच नाही. म्हणून आधी लेखन एकसारखं करून घ्यावं लागतं. पण त्यात नकलकाराच्या हाताच्या सवयी पुसल्या जातात, आणि पोथी कुठल्या मुलखात उतरवली याचा माग कधीकधी त्याच सवयींत असतो. त्यामुळे जाणकार संपादक दोन प्रती ठेवतात: पोथीत आहे तशी एक, आणि यंत्रासाठी धुऊन-पुसून केलेली दुसरी.