धातूवर हाताने कोरणं : सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?



आपल्याकडे अनेक घरांत एखादा तरी जुना पितळी गुंड किंवा गंगाळ असतं आणि त्याच्या काठाखाली आजीचं नाव कोरलेलं असतं. आंदणाची भांडी लग्नकार्यात गावभर फिरायची. ती ओळखून घरी परत यावीत म्हणून छन्नी-हातोडीने नाव घालून घ्यायची पद्धत होती. आता दुकानात विजेच्या पेनने नाव टाकून मिळतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना मांडली आहे. हाताने करायच्या कामांत धातुकामाचंही नाव आहे. त्यामुळे काही शाळा कोरीवकाम घ्यायचा विचार करतात. पहिला प्रश्न येतो तो हत्यारांचा. ऑनलाइन पाहिलं तर दहा-बारा हत्यारांचे संच दिसतात आणि आपण गोंधळून जातो.

आधी फरक समजून घेऊ

विजेचं पेन टोक भराभर आपटून धातूवर बारीक खड्डे पाडतं. धातू निघत नाही, फक्त दबतो. छन्नी-हातोडीने लहान लहान ठोके देत रेघ पुढे न्यायची असते. तिसरा प्रकार कोरणीचा, तिला ग्रेव्हर म्हणतात. लाकडी मूठ तळहातात धरून ती पुढे ढकलायची. मग नांगराच्या तासासारखी रेघ पडते आणि धातूचा बारीक कीस वर येतो. खरं कोरणं म्हणतात ते हेच.

एवढंच घ्या

१. एक चौकोनी कोरणी, हायस्पीड स्टीलची. सरळ रेघ, वळण, जाड-बारीक सगळं तिच्यानेच शिकता येतं. मूठ तळहातात बसल्यावर टोक अंगठ्याच्या पुढे साधारण दोन सेंटिमीटर यावं. लांब वाटली तर कापून घ्यावी.

२. धार लावायचा दगड, एक बाजू भरड आणि एक बारीक.

३. तांब्याच्या पत्र्याचे तुकडे, एक ते दीड मिलिमीटर जाड. त्याहून पातळ पत्रा वाकतो. तांबं जमलं की पितळ घ्यावं. स्टीलचं ताट मात्र सुरुवातीला नकोच. ते दाबाखाली आणखी कडक होतं आणि टोक तुटतं.

४. पत्रा घट्ट धरायला शेगडा, किंवा पत्रा स्क्रूने पक्का केलेली लाकडी फळी.

५. डोळ्यांसाठी चष्मा. यात तडजोड नाही.

पैसे कोरणीवर कमी, वेळ धारेवर जास्त

नवशिक्याला अडचण येते ती बहुधा बोथट टोकामुळे. बोथट कोरणी धातूत शिरत नाही, म्हणून मूल जास्त जोर लावतं. मग ती सटकते आणि समोरच्या हातात घुसते. म्हणजे धार हा सुरक्षेचाच भाग आहे. दहा बोथट हत्यारांपेक्षा एक धारदार हत्यार बरं.

टोकाचा पुढचा उतार साधारण ४५ अंशांचा ठेवावा. तो जास्त निमुळता केला तर टोक मोडतं, जास्त उभा केला तर जोर फार लागतो. खालच्या दोन बाजूंनाही टोकाजवळ १५ अंशांच्या आसपास छोटा उतार द्यायचा. त्यामुळे मूठ पत्र्यापासून थोडी वर राहते आणि कोरणी खोल रुतत नाही. धार तपासायची सोपी युक्ती : टोक अंगठ्याच्या नखावर अगदी हलकेच टेकवा. घसरलं तर पुन्हा दगडावर, अडकलं तर तयार. हे काम मोठ्यांनीच करावं.

दोन नियम मुलांकडून पाठच करून घ्यावेत. दुसरा हात कधीही टोकाच्या पुढे ठेवायचा नाही. वळण घेताना कोरणी वळवायची नाही, पत्रा फिरवायचा.

अक्षरं कोणती आधी?

आधी नुसत्या सरळ रेघा, म्हणजे शिरोरेषा आणि काना. मग ग, त, न, म. गोलाई असलेली क, ळ, ह ही अक्षरं शेवटी. आपल्या विदर्भातले वाकाटकांचे ताम्रपट मुलांना चित्रात जरूर दाखवा. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकला सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने दिलेल्या गावाची नोंद कोरलेली आहे. त्यातल्या ब्राह्मी अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. कागद नव्हता तेव्हा जमिनीचा हक्क तांब्यावर कोरून ठेवत. म्हणून आज दीड हजार वर्षांनंतरही तो वाचता येतो. हे कळलं की मुलं रेघ जपून ओढतात.

कोणत्या वयाला काय?

माझ्या मते सहावी ते आठवीला कोरणी देऊच नये. त्यांना आखणीची सुई, म्हणजे फिटर वापरतात तो स्क्राइबर द्यावा आणि तांब्यावर नुसतं नाव ओरखडू द्यावं. कोरणी नववीपासून, एका वेळी दोनच मुलांना, आणि शिक्षक शेजारी बसलेले. जवळच्या आयटीआयमधल्या फिटर ट्रेडच्या निदेशकांना एक दिवस बोलवा. छन्नी, कानस आणि धार हे त्यांचं रोजचंच काम आहे. बाजारात हाताने नाव घालणारे कुणी जुने कारागीर अजून असतील तर आधी त्यांनाच बोलवा. हत्यार कसं धरायचं हे त्यांच्या हाताकडे पाहूनच लवकर कळतं.

पालकहो, घरी सुरुवात करायची असेल तर आजीच्या गुंडावर प्रयोग नको! आधी मुलांना त्यावरचं नाव भिंगातून पाहू द्या. रेघ ठोक्याठोक्याने पुढे गेली आहे की एका दमात, आणि अक्षर कुठून सुरू झालं असेल, हे त्यांनाच शोधू द्या.