आडवा पाईप, उभा पाईप

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी अंगणातल्या छपराखाली मान वर करून उभा राहतो. यजमानांना वाटतं, पाल दिसली. मी पाईप बघत असतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकदा नुसता भाव विचारायला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तो बुटांवर गंज आणि खिशात मापांच्या चिठ्ठ्या घेऊन, आणि तेव्हापासून हे वेड सुटलेलं नाही.

रीतीपुरती पार्श्वभूमी सांगून टाकतो. आमच्या अलिबागकडे पूर्वी अंगणात पोफळीचे खांब रोवून वर झापांचा मांडव घालत आणि पावसाआधी तो उतरवत. पुढे सिमेंटचा पत्रा आला, मग रंगीत पत्रा. वाशांच्या जागी पोकळ चौकोनी पोलादी पाईप आले. त्यांच्यासाठी आय. एस. ४९२३ हे भारतीय मानक आहे. झालं. आता मुद्द्यावर येऊ.

आमच्या अंगणावर पहिलं छप्पर घातलं तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. फॅब्रिकेटरने ८० बाय ४० मिलिमीटरचे, ३ मिलिमीटर जाडीचे पाईप आणले. माल उत्तम होता. फक्त ते त्याने आडवे टाकले, म्हणजे ८० ची बाजू सपाट आणि उंची ४० ची. "पत्र्याचा स्क्रू मारायला बैठक चांगली मिळते, साहेब," हे त्याचं कारण. खांबांमधलं अंतर ४ मीटर. दिवाळीला पालापाचोळा झाडायला वर चढलो, तर छप्पर झोपाळ्यासारखं खाली गेलं. माझं वजन ८० किलो.

त्या रात्री वही घेऊन बसलो. ४ मीटरच्या अशा एकट्या आडव्या पाईपच्या मधोमध ८० किलोचा माणूस उभा राहिला, तर पाईप सुमारे २९ मिलिमीटर वाकतो. तोच पाईप उभा टाकला (खांबासारखा उभा नव्हे, ८० ची बाजू उभी), तर १० मिलिमीटरसुद्धा वाकत नाही. पाईप तोच, वजन तेच, पैसेही तेच. ताठपणा मात्र तिप्पट!

याचं मर्म उंचीत आहे. पाईप वाकतो तेव्हा वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या भागाला फारसं काम नसतं. म्हणून लोखंड मध्यापासून जितकं दूर, तितकं ते कामाला येतं. लाकडी फूटपट्टी सपाट धरून वाकवा, मग काठावर धरून बघा. काठावर धरलेली पट्टी जास्त भार सोसते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं होतं. पक्ष्यांची हाडं आणि बोरू पोकळ का, याचाही विचार त्याने तिथेच केला. हिशोबात त्याची एक चूक होती, पण दिशा बरोबर होती. आपल्या वाडीतल्या बांबूला मात्र हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता माझा लाडका हिशोब. ६० बाय ६० आणि ८० बाय ४०, दोन्ही ३ मिलिमीटरचे. घेर सारखा, म्हणून वजनही सारखं. तरी उभा ८० बाय ४० दीडपट ताठ. तेवढ्याच वजनाची भरीव चौकोनी सळई घेतली, तर हा पाईप तिच्या चौदापट ताठ ठरतो. आणखी गंमत म्हणजे २ मिलिमीटरचा उभा ८० बाय ४० देखील ३ मिलिमीटरच्या ६० बाय ६० पेक्षा किंचित ताठच असतो, आणि वजनाला एक तृतीयांश हलका. समुद्रकाठी मात्र मी ३ च घेईन. पातळ पाईप गंजाला लवकर बळी पडतो आणि नवशिक्या वेल्डरच्या हातून जळून भोक पडतं.

विकत घेताना गेजच्या आकड्याने फसू नका. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.६. त्यापेक्षा वजन करून घ्या. ८० बाय ४० चा २० फुटी पाईप ३ मिलिमीटरचा असेल तर ३० किलोच्या पुढे भरतो, २ चा असेल तर २२ किलोच्या आसपास. तराजू खोटं बोलत नाही. आणि अंतर जपा. छपराचा भार पाईपवर सारखा पसरलेला असतो. अशा वेळी खांबांमधलं अंतर दुप्पट केलं, की वाक सोळापट होतो. एक खांब वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

वेल्डरकडून सगळे पाईप उभे करून घेतले आणि मी निर्धास्त झालो. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. छप्पर शेजारच्या वाडीत सापडलं. पाईप एकही वाकला नव्हता. खांबच बेस प्लेटसकट उपटले होते. बोल्ट फरशीखालच्या दोन इंच मालात अडकवलेले! वारा छपराला वर उचलतो, हे मी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. वाऱ्याच्या मानकात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्याचा ३९. ४४ चा दाब चौरस मीटरला जवळपास ११८ किलो होतो. छपराचा आकार आणि आडोसा यांप्रमाणे तो कमीजास्त होतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम ४-५ किलोचा. आता माझा प्रत्येक खांब २ फूट लांब, रुंद आणि खोल अशा काँक्रीटमध्ये रोवला आहे. वजन प्रत्येकी सुमारे ५४० किलो.

छप्पर मोठं असेल किंवा खांबांमधलं अंतर ४ मीटरच्या वर जात असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी द्या. ती पत्र्यापेक्षा स्वस्त पडते. एवढं नाही जमलं, तर निदान पाईप टाकतात त्या दिवशी घरी राहा आणि उंच बाजू उभी करून घ्या. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.