मासा काय खातो?

गाय चरताना दिसते, चिमणी दाणे टिपताना दिसते. पण गढूळ पाण्यात वावरणारा मासा काय खातो, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून अभ्यासक पकडलेल्या माशाचे जठर उघडून पाहतात. त्यात जे सापडते, ते त्याच्या अखेरच्या जेवणाचे अवशेष असतात. हे काम काहींना किळसवाणे वाटेल. परंतु कोळ्याच्या आणि मत्स्यसंवर्धकाच्या उत्पन्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

महाराष्ट्र आणि सौराष्ट्र यांच्या किनाऱ्यावर विपुल मिळणारा बोंबील घ्या. मऊ, पाणीदार अंगाचा हा मासा अगदी गरीब वाटतो. त्याचा जबडा उघडला की हा समज टिकत नाही. जबडा रुंद असून त्यात आतल्या बाजूस वळलेले अणकुचीदार दात असतात. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी बोंबलाच्या आहाराच्या सविस्तर नोंदी केल्या आहेत. त्याच्या जठरात जवळा, इतर लहान कोलंबी, छोटे मासे आणि चक्क बोंबलाचीच पिल्लेही आढळतात.

मासा ताजा असतानाच त्याची लांबी व वजन नोंदवून जठर वेगळे काढतात आणि ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. त्यामुळे पचनाची क्रिया थांबते. नंतर आतील पदार्थ बशीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले जातात. मऊ भाग लवकर विरघळतो. म्हणून कोलंबीच्या कवचाचा तुकडा, मणक्याचे हाड किंवा माशाच्या कानातील चुनखडीचा बारीक खडा यांवरून भक्ष्याची ओळख पटवावी लागते.

खरी अडचण मोजणीत येते. समजा, दहा बोंबील तपासले. आठांच्या जठरात मिळून दोनशे जवळे आणि दोघांच्या जठरात बोंबलाचे एकेक पिल्लू सापडले. संख्येने पाहिले तर पिल्लांना काहीच महत्त्व नाही. पण एक पिल्लू अनेक जवळ्यांइतके जड असते. वजनाने पाहिले तर पिल्लांचे पारडे वर चढते. मग आठ मासे जवळाच खात होते, ही गोष्ट झाकली जाते. यावर नटराजन आणि झिंगरण या भारतीय संशोधकांनी १९६१ साली एक पद्धत सुचवली. पदार्थाचे आकारमान आणि तो किती जठरांत आढळला, या दोन्हींच्या टक्केवारीचा गुणाकार करून त्यावरून पदार्थांची क्रमवारी लावायची. साधी युक्ती आहे. म्हणूनच ती पुढेही वापरात राहिली.

तरीही जठर पूर्ण सत्य सांगत नाही. अनेक जठरे रिकामीच निघतात. कवच असलेले भक्ष्य दीर्घकाळ टिकते आणि मऊ भक्ष्य नाहीसे होते. शिवाय जाळ्यात कोंडलेला मासा शेजारचेच भक्ष्य गिळण्याची शक्यता असते. त्यामुळे एका दिवसाच्या मासळीवरून निष्कर्ष काढत नाहीत. निरनिराळ्या ऋतूंत आणि निरनिराळ्या आकाराचे मासे तपासावे लागतात.

भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात बोंबील, त्याची पिल्ले आणि जवळा एकत्रच येतात. म्हणजे मासा आणि त्याचे अन्न एकाच वेळी उचलले जाते. किनाऱ्यावर जवळा किती पकडला, या आकड्याकडे बोंबलाच्या दृष्टीनेही पाहावे लागते ते यामुळेच.

गोड्या पाण्यात हेच ज्ञान तळ्याच्या कामी येते. कटला पृष्ठभागालगतचे सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी कुजलेले पदार्थ वेचतो. त्यामुळे एकाच तळ्यात हे तिघे वाढवता येतात. अन्नासाठी त्यांच्यात फारशी चढाओढ होत नाही. गंमत अशी, की या तिन्ही माशांना खरे जठर नसतेच. त्यांचा आहार जाणण्यासाठी लांबलचक आतड्याचा पुढचा भाग तपासला जातो.